काका, नदीपलीकडे म्हणजे कुठे?

पुण्याची माहिती देणाऱ्या आमच्या संकेतस्थळावर मी लिहिलेल्या पहिल्याच नोंदीवर आलेला हा पहिला प्रश्न. विचारणारी मुलगी येरवड्याची. मी लिहिलं होतं, ‘नदीपलीकडे कर्वे रस्त्यावर मोठी दुकानं आहेत.’ नव्या पेठेत जन्म गेलेल्या माणसाला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. लकडी पूल ओलांडला की नदीपलीकडे, शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिने खाली लिहिलं, ‘माझ्या घरून नदीपलीकडे म्हणजे बंडगार्डन. आणि कोथरूडच्या माणसाच्या नदीपलीकडे तर तुम्हीच राहता.’

पोस्टात सॉर्टिंगला एकतीस वर्षं काढलेली. पत्त्यातला घोळ मला कुणी दाखवावा, ही नामुष्की होती. दोन दिवस मी त्या नोंदीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी ‘मुठेच्या डाव्या तीरावर, लकडी पुलापासून पुढे’ असं लिहून मोकळा झालो. डावा-उजवा तीर पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरवायचा, हे शाळेत शिकलो होतो. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते पहिल्यांदा कामाला आलं.

या कामात मला भाच्याने ओढलं. शहराची माहिती शहरातल्याच लोकांनी लिहायची, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने सुधारायचं, जाहिरात नाही, मानधन नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या छोट्या गावात २००४ मध्ये पोरांनी असं काम सुरू केलं होतं, असं त्याने सांगितलं. आमचे वीसेक जण होते. काही हिंजवडीत नोकरी करणारे, दोन गृहिणी, एक रिक्षावाले, एक हडपसरचा मुलगा जो कधीही हसला नाही, आणि ही येरवड्याची. नियमावली अशी काही नव्हती. ती आमच्या भांडणांतून तयार होत गेली, आणि बरीचशी माझ्या नोंदींच्या चिंध्या करून.

दुसरी नोंद मिसळीच्या दुकानाची. ‘पुण्यातली सर्वोत्तम, अस्सल, चमचमीत मिसळ. एकदा खाल तर खातच राहाल!’ हडपसरच्या मुलाने एकेक शब्द उचलून विचारलं. सर्वोत्तम कुणाच्या मते? बाकीच्या किती खाल्ल्या? अस्सल म्हणजे काय? उद्गारचिन्ह कशाला? मी चिडून लिहिलं, ‘मग काय लिहू, मिसळ मिळते?’ त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘हो. आणि कशी मिळते तेही.’

म्हणून परत गेलो. चाळीस वर्षं ज्या दुकानात खातोय तिथे पहिल्यांदा वही घेऊन बसलो. मालकाला वाटलं महापालिकेतून कुणीतरी आलंय; त्या दिवशी शेव जरा जास्त पडली. लिहून आणलं ते असं: खाली पोहे, वर मटकी, रस्सा लाल पण झणझणीत नाही, लहान मूल खाऊ शकेल. दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर पैसे नाहीत, पाव जादा घेतला तर आहेत. सहा बाकडी, अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं. अकरानंतर गेलात तर बहुधा संपलेली असते. ही नोंद कुणी बदलली नाही. मुख्य म्हणजे ती वाचून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं, आधीची वाचून सुटलं नव्हतं.

मग विशेषणांवर बंदी आली. आमच्यातल्या एकाने तो नियम असा लिहिला: ‘येथे विशेषणे लावू नयेत. लावल्यास काढली जातील. कारण विचारू नये.’ सगळे हसले, पण मला त्यातून एक गोष्ट दिसली. पुणेरी पाटी तपशिलाला पक्की असते. वेळ, दर, घंटी किती वेळा वाजवायची, सगळं असतं. फक्त वाचणाऱ्याला ती आधीपासूनच गुन्हेगार धरते. आमच्या नोंदींना पाटीचा नेमकेपणा हवा होता आणि तिचा आवाज नको होता. ‘दुपारी १ ते ४ बंद’ हे लिहायचं, ‘झोपमोड करू नये’ हे नाही.

काळाचे शब्द त्याहून त्रासदायक निघाले. ‘नुकतीच सुरू झालेली मेट्रो’ असं कुणीतरी लिहून गेलं होतं. कधीची नुकतीच? वनाज ते गरवारे कॉलेज ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, स्वारगेटपर्यंत भुयारातून २९ सप्टेंबर २०२४ ला. नोंद वाचणारा कधी वाचेल काय सांगावं. मग ‘नवीन’, ‘सध्या’, ‘हल्ली’, ‘लवकरच’ हे शब्द दिसतील तिथे खोडायचे आणि तारीख घालायची असं ठरलं. मी मान डोलावली, आणि पुढच्याच नोंदीत ‘नव्या पुलाजवळ’ लिहिलं. नवा पूल म्हणजे महापालिकेसमोरचा शिवाजी पूल, बांधला १९२३ मध्ये. शंभरी उलटली तरी आम्ही त्याला नवाच म्हणतो. आणि मी स्वतः जिथे राहतो ती पेठही नवीच. येरवड्याच्या मुलीने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं, एवढंच.

पुराचंही तेच. एका जुन्या वाड्याबद्दल मी लिहिलं, ‘पुरानंतर मागची बाजू पुन्हा बांधली.’ आमच्या पिढीला पूर म्हणजे एकच, १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. त्याआधी माझ्या वडिलांची पत्र्याची ट्रंक होती आणि त्यानंतर नव्हती. आमच्या घरात काळ असाच मोजला जायचा, पुराआधी आणि पुरानंतर. पण परभणीहून पहाटे पाचला शिवाजीनगरला एसटीतून उतरलेल्या मुलाला ‘पूर’ म्हणजे काय कळणार? त्या मुलाचा उल्लेख मी मुद्दाम करतोय. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तो तिघांबरोबर खोली करून राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. नव्या पेठेत, सदाशिवात अशी हजारो मुलं आहेत. अभ्यासिका आणि मेस यांच्यावरच आता या पेठा चालतात. लिहून झालं की मी त्याला दाखवायला लागलो. ‘मनपाला उतरून’, म्हणजे महापालिकेच्या बसथांब्यावर, असं मी लिहिलं तेव्हा तो म्हणाला, "काका, मनपा हे गावाचं नाव आहे असं मी पहिले आठ दिवस समजत होतो."

नावांवरून तर आमच्या भेटीचे दोन रविवार गेले. फर्ग्युसन रस्त्याचं कागदोपत्री नाव नामदार गोखल्यांचं, लकडी पुलाचं छत्रपती संभाजी महाराजांचं. पुलात आता लाकूड औषधालाही नाही, पण रिक्षावाल्याला संभाजी पूल सांगितलात तर तो आधी तुमच्याकडे बघेल. एक जण म्हणाले, अधिकृत नावच लिहायचं, नाहीतर अपमान होतो. आमचे रिक्षावाले म्हणाले, माणूस हरवला तर कुणाचा मान राहतो? शेवटी ठरलं ते माझ्या जुन्या नोकरीतलंच होतं. लोक काय म्हणतात ते आधी, पाटीवर काय आहे ते लगेच त्याच ओळीत, आणि पिन कोड. चार अकरा शून्य तीस लिहिलं की नारायण, सदाशिव की नवी यावर कुणी कितीही भांडो, पत्र पोचतं.

अंतराचाही नियम तेव्हाच झाला. ‘अलका चौकातून पायी पाच मिनिटं.’ कुणाच्या पायी? हडपसरचा मुलगा चोवीस वर्षांचा. मीटर लिहा, म्हणाला. लिहिले.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. सॉर्टिंगच्या टेबलावर मी पुण्याचे देव तोंडपाठ केले. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती. यांच्या नावांवर मी तीन पानी नोंद लिहिली. आयुष्यातलं पहिलं लेखन म्हणा ना. प्रत्येक नावामागची गोष्ट रंगवून. येरवड्याच्या मुलीने विचारलं, ‘हे कशावरून?’ मी म्हटलं, आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर तिचं नाही, माझंच मन खट्टू झालं, कारण लिहिताना मीच जिलब्या मारुतीच्या दोन वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या होत्या आणि त्यातली जास्त रंगणारी निवडली होती. एकात शेजारचा हलवाई आहे, दुसऱ्यात जिलब्यांची माळ. खुन्या मुरलीधराच्या दारात रक्त सांडलं म्हणून ते नाव, एवढ्यावर सगळे सांगणारे एक होतात, पण कोण कुणाशी लढलं ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. मग सगळीकडे ‘असं सांगतात’ घातलं. तेही तिला पुरलं नाही. दर वाक्याला ‘असं सांगतात’ म्हणजे लबाडी आहे, म्हणाली. दोन गोष्टी असतील तर दोन्ही लिहा, एकच असेल तर कुणाकडून ऐकली ते लिहा. भिकारदासाचा भिकाऱ्याशी संबंध नाही, त्या नावाच्या सराफाची तिथे बाग होती, एवढं मात्र मी ठासून ठेवलं.

शनिवारवाड्याच्या नोंदीत याच नियमाने दोन वाक्यं वेगळी झाली. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, हे एक. रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते असं सांगतात, हे दुसरं. त्यांच्यामध्ये पूर्णविराम सक्तीचा. तेव्हापासून गटात कुणाची नोंद खोडली गेली की तो मला ‘काका, मला वाचवा’ असं लिहितो. लाल महालाच्या नोंदीत तर मीच पडलो. ‘शिवरायांचं बालपण पाहिलेल्या या भिंती’ असं लिहून गेलो. आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात उभारलेली आहे हे माहीत असून. भिंतींचं वय माझ्या नोकरीपेक्षा थोडंच जास्त.

इथे एक सांगायला हवं. विकिपीडियावर लिहिणारे दोघे आमच्यात होते आणि त्यांना सगळं छापील पुराव्यानिशी हवं होतं. ज्ञानकोशात ते बरोबरच आहे. तिथे स्वतः बघून आलो हा पुरावा नव्हे. पण गल्लीतल्या चांभाराची वेळ कुठल्या पुस्तकात छापून येणार? इथे जाऊन बघणं हाच पुरावा, फक्त कधी बघितलं ते लिहायचं. हे ठरायला फार वेळ लागला नाही, कारण ते दोघे पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

खरी आग गणपतीने लागली. ‘सार्वजनिक गणेशोत्सव सर्वप्रथम कुणी सुरू केला?’ असा मथळाच कुणीतरी दिला होता. भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये गणपती बसवला हे त्या मंडळाचं म्हणणं. लोकमान्यांनी केसरीतून उत्सवाला बळ दिलं आणि १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात गणपती बसवला, हे दुसऱ्या बाजूचं. २०१७ मध्ये महापालिकेने १२५ वर्षांचा सोहळा केला तेव्हा हा वाद चांगलाच तापला होता. आमच्याकडे एका रात्रीत ती नोंद अकरा वेळा उलटसुलट झाली. सकाळी पाहिलं तर मथळा गेला होता, दोन्ही बाजू सनांसकट एकाखाली एक होत्या, आणि ‘सर्वप्रथम’ हा शब्द पानावर कुठेही नव्हता. कुणी केलं ते मला आजही माहीत नाही. हात जोडावेत असं काम.

पथारीवाल्यांचं इतकं सहज मिटलं नाही. ‘लक्ष्मी रस्त्यावरील अतिक्रमणे’ असं एका गृहस्थांनी लिहिलं. त्यांचं तिथे कापडाचं दुकान होतं, हे नंतर कळलं. आमच्यातल्या एका गृहिणीची आई तुळशीबागेबाहेर पथारी टाकायची. तिने ‘कष्टकरी विक्रेते’ केलं. अतिक्रमण हा महापालिकेच्या खात्याचा शब्द, पथविक्रेता हा २०१४ च्या कायद्यातला, दोन्ही सरकारीच. मग बाजू कुठली निवडायची? आम्ही संध्याकाळी जाऊन उभे राहिलो. नोंद झाली ती अशी: ‘पदपथावर पथारीवाले बसतात. पिना, क्लिपा, रुमाल, चप्पल दुकानापेक्षा स्वस्त. संध्याकाळी ६ ते ९ पदपथावरून चालता येत नाही, रस्त्यावर उतरावं लागतं.’ दोघेही नाराज झाले, पण खोडलं कुणी नाही.

यातून काहींच्या डोक्यात असं शिरलं की प्रत्येक गोष्टीला दोन बाजू लिहायच्याच. मुठेच्या नोंदीत एकाने लिहिलं, ‘काहींच्या मते नदीपात्र अस्वच्छ आहे.’ काहींच्या मते? डेक्कनच्या बाजूने पात्रात उतरून एकदा श्वास घ्या म्हणावं. तिथे मी पहिल्यांदा आवाज चढवला. मुठेला वास येतो याला दुसरी बाजू नाही. ‘काहींच्या मते’ गेलं, ‘पाण्याला दुर्गंधी येते, पावसाळ्यात पाणी सोडल्यावर कमी होते’ असं राहिलं.

आणि एक गोष्ट मला आजही पूर्ण पटलेली नाही. बायकोच्या गुडघ्याची तपासणी करायला एका केंद्रात गेलो होतो. लिफ्ट आहे का, असं फोनवर विचारलं, आहे म्हणाले. होती, पण पहिल्या मजल्यापासून. तिथपर्यंत एकोणीस पायऱ्या ही बिचारी बसत उठत चढली. घरी येऊन मी ‘लुबाडणारे, माणुसकी नसलेले लोक’ असं लिहिलं. अर्ध्या तासात ते गेलं. मी भांडलो. हे खोटं आहे का? हडपसरचा मुलगा म्हणाला, "खोटं नाही काका, पण वाचणाऱ्याला त्यातून राग कळतो, पायऱ्या कळत नाहीत." मग लिहिलं: ‘लिफ्ट पहिल्या मजल्यापासून. तिथपर्यंत १९ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. चाकाची खुर्ची जात नाही.’ महिन्याभराने एका बाईंनी खाली आभार मानले. सासूबाईंना दुसरीकडे नेलं होतं. तरी माझ्या रागाला कुठेच जागा नसावी, हे काही मला रुचलेलं नाही. पुढे प्रत्येक नोंदीत पायऱ्या मोजून लिहायच्या असं ठरलं, ते माझ्यामुळे, यावर समाधान मानलं. पर्वतीला मी तीनदा मोजल्या आणि तीन आकडे आले. लोक १०३ म्हणतात. सुरुवात कुठून धरायची यावर सगळं आहे. आम्ही ‘साधारण शंभर, रुंद, दगडी’ लिहिलं.

शेवटचा नियम माझ्या साडूंनी करायला लावला. त्यांची शास्त्री रस्त्याच्या मागे मेस आहे. ‘घरगुती, सात्त्विक, चविष्ट जेवण’ असं मी सुरुवातीलाच कधीतरी लिहून ठेवलं होतं आणि ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. गणपतीत जेवायला बोलावलं तेव्हा साडू चारचौघांत म्हणाले, "आमच्याबद्दल ह्यांनी छान लिहिलंय हं." माझं अन्न घशात अडकलं. कापडवाल्याला नावं ठेवणारा मी. रात्रीच गटात कबूल केलं. ठरलं की नात्यातल्या, नोकरीतल्या, भागीदारीतल्या जागेवर आपण लिहायचं नाही. चूक दिसली तर नातं सांगून दुसऱ्याला कळवायचं.

ती नोंद मग परभणीच्या मुलाने लिहिली, तो तिथेच जेवतो. ‘भाजी पातळ, वरण चांगलं. पोळ्या तीन, चौथीला जादा पैसे. रविवारी दुपारी गोड, रात्री बंद. खाडा झाला तरी पैसे वजा होत नाहीत.’

साडूंचा फोन सकाळी सातला आला. "हे तुमचं पोरगं काय लिहितंय? आमची पोळी केवढी असते ते बघितलंय का त्याने?" मी म्हटलं, भाऊ, मला त्या पानाला हात लावता येत नाही, तुमचं म्हणणं तुम्हीच तिथे खाली मांडा. त्यांनी मांडलं, ठळक अक्षरांत, तीन उद्गारचिन्हांसह. दुपारी हडपसरच्या मुलाने दुरुस्ती केली: ‘पोळ्या तीन (मोठ्या असतात, असं चालकांचं म्हणणं).’

संध्याकाळी जिन्यात परभणीचा मुलगा भेटला. मेसला निघाला होता. कंपासपेटीतली पट्टी शर्टाच्या खिशातून वर डोकावत होती.